चाती रात्रीही फिरते

परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा मालवू नका, असा उपदेश मी पंधरा-वीस वर्षे विद्यार्थ्यांना केला. दिवाळीच्या मुहूर्तावर आज तो जाहीरपणे मागे घेतो!

निमित्त झाले आमच्या वर्गातल्या एका मुलीचे. पोर हुशार, पण व्याकरणाच्या पेपरासाठी रात्रभर जागली आणि सकाळी साध्या समासाशी अडली. "सर, काल सगळं येत होतं हो!" म्हणताना तिचे डोळे भरून आले. जागायला सांगणारा मीच. त्या रात्री पुलगाव स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या मालगाड्या मोजीत मी पडून राहिलो, आणि दुसऱ्या दिवसापासून झोपेचे शास्त्र वाचू लागलो.

माणसाच्या मेंदूतल्या विद्युत्‌-लहरी हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली प्रथम टिपल्या. गाढ झोपेत त्या मोठ्या आणि संथ होतात. कॅनडातील मिर्चा स्टेरियाड यांनी १९९३ साली मांजरांच्या मेंदूत त्याहूनही संथ लय दाखवली : सेकंदाला एक आवर्तनही पुरे होत नाही. असंख्य पेशी क्षणभर एकदम बोलतात, मग एकदम गप्प बसतात, की पुन्हा बोलू लागतात.

हे कसे घडते? रात्री गळणारा नळ आठवा. तोंडाशी पाणी साचते, भार पेलवेनासा झाला की थेंब सुटतो, पुन्हा साचणे सुरू. सावकाश साचायचे नि एकदम सुटायचे, ही लय व्हॅन डर पोल या डच शास्त्रज्ञांनी १९२६ साली गणितात मांडली. पुढे हृदयाच्या ठोक्यालाही लावून पाहिली. पेशीही तशाच बोलून थकतात, गप्प राहून ताज्या होतात.

पण सगळ्या एकाच वेळी कशा? कार्तिकातला काकडा ऐका. आरंभी टाळ मागेपुढे वाजतात. थोड्या वेळाने साऱ्या देवळाचा एकच ठेका! एका तुळईवर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एका लयीत येतात, हे हायगेन्स यांना १६६५ साली आजारपणात अंथरुणावरून दिसले. शेजार असला की लय जुळते. पेशी तर एकमेकींना जोडलेल्याच.

या संथ लयीबरोबर सेकंदाला बारा-पंधरा आवर्तनांच्या छोट्या लहरी येतात. कागदावर त्या मध्ये फुगीर, टोकांना निमुळत्या. चातीवर भरलेल्या कुकडीसारख्या. म्हणून इंग्रजीत त्यांना 'स्पिंडल', म्हणजे आपली चातीच, म्हणतात. सेवाग्रामच्या शेजाऱ्यांना चाती काय समजावायची! दिवसा शिकलेले मेंदू याच वेळी पुन्हा घोळवतो नि पक्के करतो. दिवसाच्या कापसाचे रात्री सूत होते. जर्मनीतल्या ल्यूबेक येथे २००६ साली झोपलेल्या तरुणांच्या डोक्याला याच संथ गतीने सौम्य वीज दिली. पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या त्यांना सकाळी अधिक आठवल्या.

म्हणजे मी पोरांना कापूस पिंजायला लावीत होतो आणि चाती काढून घेत होतो!

पुढच्या पेपराआधी ती मुलगी दहाला निजली. तिचा निकाल अजून लागायचा आहे. माझा मात्र लागला.

आणि वाचकहो, नरकचतुर्दशीला पहाटे उठायचे आहे ना? मग हा अंक मिटा, अन्‌ निजा कसे!