कर्जतचे उसने मत

१३ मे २०२४ रोजी मावळ लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. शिंदे यांच्या शिवसेनेचे श्रीरंग बारणे ९६,६१५ मतांनी निवडून आले, पण कर्जत विधानसभा क्षेत्राने मात्र त्यांच्याकडे पाठ फिरवली. कर्जत तालुका आणि खोपोलीसह खालापूरचा मोठा भाग मिळून हे क्षेत्र बनते. तेथे ठाकरे यांच्या शिवसेनेचे संजोग वाघेरे १७,६९९ मतांनी पुढे होते. सहा महिने सरले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. त्याच गावांनी, त्याच वाड्यांनी ठाकरे यांच्या मशाल चिन्हाला थेट तिसऱ्या क्रमांकावर नेऊन ठेवले. ठाकरे गटाच्या नितीन सावंत यांना ४८,९२९ मते पडली. शिंदे गटाचे महेंद्र थोरवे ९४,८७१ मते घेऊन निवडून आले आणि अपक्ष सुधाकर घारे ८९,१७७ मतांवर थांबले. फरक अवघ्या ५,६९४ मतांचा.

नगराध्यक्षपदाची निवडणूक आली की कर्जत-खोपोलीत प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: मला सगळ्या पक्षांतून मतदान होणार आहे. थेट नगराध्यक्ष निवडायचा म्हटले की असे म्हणावेच लागते, कारण संपूर्ण शहरातून बहुमत मिळवायचे तर आपल्या पक्षाची मते सहसा पुरत नाहीत. विरोधी पक्षाचा मतदार खरोखरच असा खेचून आणता येतो का, हे तपासायला या भागाइतकी चांगली जागा रायगडात दुसरी नाही. गेल्या दहा वर्षांत येथे उमेदवारांनी पक्ष बदलले, पक्ष फुटले, मित्रपक्ष एकमेकांविरुद्ध लढले, आणि मतदाराने या सगळ्याची नोंद घेत आपले मत दिले.

२०१४ साली थोरवे शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) लाल बावट्याखाली उभे होते. राष्ट्रवादीचे सुरेश लाड ५७,०१३ मते घेऊन जिंकले. थोरवे ५५,११३ मतांवर राहिले. १,९०० मतांनी गेलेली ती जागा होती. त्या वेळी शिवसेनेचा स्वतःचा उमेदवार मैदानात होता आणि भाजपचाही. पाच वर्षांनी थोरवे शिवसेनेचा धनुष्यबाण घेऊन आले, युतीमुळे भाजपचे बळही मिळाले, आणि १,०२,२०८ मतांसह त्यांनी लाड यांचा १८,०४६ मतांनी पराभव केला. त्यांच्याबरोबर शेकापची किती मते शिवसेनेत आली, याचे नेमके उत्तर कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. आकड्यांवरून एवढे मात्र दिसते की शेकापची ती सारी मते पक्षाच्या आदेशानुसार राष्ट्रवादीच्या पारड्यात पडली नाहीत. २०१९ मध्ये शेकाप राष्ट्रवादीच्या बाजूने होता. ती सारी मते वळली असती तर लाड यांचा आकडा ८४,१६२ वर अडला नसता.

यापेक्षा बोलका दाखला राष्ट्रवादीतून बंडखोरी करून अपक्ष लढलेल्या घारे यांचा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रवादीची दोन्ही घरे अधिकृतपणे त्यांच्या विरोधात होती. अजित पवार यांचा पक्ष महायुतीत, म्हणून थोरवे यांच्यासोबत. शरद पवार यांचा पक्ष महाविकास आघाडीत, म्हणून सावंत यांच्यासोबत. घारे यांच्याकडे ना घड्याळ होते, ना तुतारी. तरीही त्यांची मते लाड यांच्या २०१९ च्या मतांपेक्षा पाच हजारांनी जास्त भरली. राष्ट्रवादीचा म्हणून ओळखला जाणारा मतदार चिन्ह सोडून माणसामागे गेला, असा याचा सरळ अर्थ आहे. कागदावर ही सगळी मते विरोधी उमेदवाराला गेली. प्रत्यक्षात त्या मतदाराने आपले माणूस, आपला गट आणि आपल्या वाडीचे ठरलेले काही सोडलेच नाही.

मे महिन्यातल्या वाघेरे यांच्या आघाडीचेही तेच. बारणे यांनी मतदानानंतर उघडपणे तक्रार केली होती की अजित पवार गटाच्या काही कार्यकर्त्यांनी त्यांचे काम केले नाही. तक्रारीत तथ्य किती, हे बाजूला ठेवू. नोव्हेंबरात त्या मतांचा मोठा भाग मशालीकडे राहिला नाही, एवढे निकालावरून उघड होते. वाघेरे यांना मिळालेले मत उसने होते. शेजारच्या घरून पायलीभर तांदूळ आणावा आणि सणानंतर परत करावा, तसे ते सहा महिन्यांत परत गेले. लोकसभेच्या निकालानंतर ज्यांनी कर्जत आता मशालीचे झाले असे गणित मांडले, त्यांनी उसन्या धान्याची आपल्या कोठारात नोंद केली.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे: विरोधी पक्षाचा मतदार नक्की ओढता येतो, पण तो सहसा एकटा येत नाही आणि सहसा राहायला येत नाही. ज्या मताला आपला गट, गाव किंवा समाज सोडावा न लागता पलीकडे जाता येते, तेच मत पलीकडे जाते. भाषणाने एकेकाचे मन वळवून झालेले पक्षांतर या भागात फार थोडे आढळते. एखाद्या ठाकरवाडीत, एखाद्या गावकीच्या बैठकीत निर्णय बदलतो तेव्हा मात्र पूर्ण केंद्राचा कल पालटतो.

थेट नगराध्यक्षपदाची पद्धत याच कारणाने महत्त्वाची आहे. नगरपरिषदेच्या द्विसदस्यीय प्रभागात मतदार एकाच वेळी तीन मते देतो, दोन नगरसेवकांसाठी आणि एक नगराध्यक्षासाठी. कर्जत शहरातल्या गुंडगे किंवा दहिवलीतला मतदार प्रभागातल्या आपल्या माणसाशी इमान राखून वरचे मत दुसरीकडे देऊ शकतो. त्याला कोणाशी वैर घ्यावे लागत नाही, कोणाला सांगावेही लागत नाही. पाणी कोण वेळेवर सोडेल, उल्हास नदीकाठची घाण कोण उचलेल, बाजारपेठेतली कोंडी कोण सोडवेल, यावर वरचे मत ठरते. नळजोडणीच्या अर्जावर सही कोणाची लागते, यावर खालचे. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात आणि एकमेकांविरुद्धही जाऊ शकतात.

असे घडते याचा ठळक पुरावा कराडमध्ये आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथे भाजपच्या रोहिणी शिंदे नगराध्यक्ष झाल्या आणि नगरसेवकांत बहुमत जनशक्ती आघाडीला मिळाले. त्याच मतदाराने, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर असा कौल दिला. पुढच्या काळात नगराध्यक्ष आणि सभागृह यांची तोंडे दोन दिशांना राहिली, हा या पद्धतीवरचा खरा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. महाविकास आघाडी सरकारने २०२० मध्ये थेट निवड रद्द केली, शिंदे सरकारने २०२२ मध्ये ती पुन्हा आणली. दोन्ही वेळा शहराच्या कारभाराची भाषा झाली, पण थेट निवड आपल्याला फायद्याची आहे की तोट्याची, हा हिशेब दोन्ही बाजूंनी आधी केला होता. जानेवारी २०१९ मध्ये कर्जतमध्ये शिवसेनेच्या सुवर्णा जोशी थेट निवडून आल्या, त्या ही पद्धत रद्द होण्याआधी. 

एवढे असूनही थेट निवड राहावी, असे आम्हाला वाटते. नगरसेवकांनी नगराध्यक्ष निवडायचा तर पक्ष ओलांडण्याचा हक्क मतदाराकडून काढून पंधरा-वीस नगरसेवकांच्या हाती जातो. ते पक्ष ओलांडतातच. फक्त ते सहलीच्या बसमधून, हॉटेलातून ओलांडतात आणि त्याची किंमत शहर मोजते. मतदाराने ओलांडले तर निदान ते मोफत असते.

देशाच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक तोच प्रश्न मोठ्या पटावर मांडते, आणि उत्तर जवळपास तेच येते. तेथे मतदान गुप्त असते, पक्षादेश लागू होत नाही, महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती. आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना होता. शिवसेनेने मत दिले काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांना, कारण त्या मराठी होत्या. २०२२ मध्ये नेमके उलट. ठाकरे यांचा पक्ष महाविकास आघाडीत होता, काँग्रेस आणि राष्ट्रवादी यशवंत सिन्हा यांच्यामागे होत्या, आणि १२ जुलैला उद्धव ठाकरे यांनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. आपल्या पक्षातल्या आदिवासी कार्यकर्त्यांचा आग्रह त्यांनी त्यासाठी सांगितला. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतल्या ठाकर, कातकरी माणसांना राष्ट्रपती निवडण्यासाठी मत नसते. तरी पहिली आदिवासी राष्ट्रपती हा विषय त्यांच्यापर्यंत पोहोचणार, हे राजकारण्यांना नीट कळत होते.

मुर्मू यांना महाराष्ट्राच्या आमदारांची १८१ मते मिळाली, सिन्हा यांना ९८. त्याआधी ४ जुलैला शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव १६४ मतांनी जिंकला होता. त्यात ठाकरे गटाचे पंधरा-सोळा आमदार मिळवले की बेरीज १८० च्या आसपास येते. म्हणजे मते फुटल्याचा कितीही गाजावाजा झाला तरी महाराष्ट्रात जे पलीकडे गेले ते प्रामुख्याने पक्ष म्हणून, निर्णय घेऊन गेले. एकेकट्याचे मन पालटल्याची उदाहरणे फार थोडी असावीत. १९६९ चा अपवाद सगळ्यांना ठाऊक आहे. इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हटले, व्ही. व्ही. गिरी जिंकले, पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले. आणि काही महिन्यांत काँग्रेस दुभंगली. एकेकट्याने ओलांडायचे तर घर मोडते, हे त्या वेळी दिसले.

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी सामान्य मतदार स्वतः मत देतो, म्हणून तेथे ही ओढाताण उघड दिसते. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली आणि प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. अनेक डेमोक्रॅट मतदारांनी अध्यक्षाचे मत रेगन यांना दिले आणि खासदाराचे आपल्याच पक्षाला. कराडच्या मतदाराने जे केले, त्याहून वेगळे त्यात काही नव्हते.

आता उमेदवारांकडे येऊ. विरोधी पक्षाचे मत हवे असेल तर त्या पक्षाच्या कार्यकर्त्याला शिव्या देऊन ते मिळत नाही, कारण मतदाराला तो कार्यकर्ता सोडायचा नसतो. कर्जत आणि खोपोलीतल्या प्रचारसभांत गद्दार, खोके हे शब्द २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यानंतर इतके वापरले गेले की पाणी, रस्ता, रुग्णालय यांना वेळच उरला नाही. अशा भाषेने आपला मतदार घट्ट होतो हे खरे. पलीकडचा मात्र दार लावून घेतो. आणि निवडून आल्यावर ज्यांनी उसने मत दिले त्यांच्या प्रभागात नळाला पाणी आले नाही, त्यांच्या वाडीचा रस्ता यादीच्या तळाशी गेला, तर पुढच्या वेळी ते मत मागायला तोंड राहत नाही. येथे सर्वच पक्षांकडून ही चूक झाली आहे. आपल्याला मत न दिलेल्या वस्तीचे काम रोखणे हा या तालुक्यांतला जुना रोग आहे.

लोकसभा आणि विधानसभेची केंद्रनिहाय मते नमुना २० मध्ये मिळतात. वाघेरे यांची आघाडी कुठली आणि घारे यांची मते कुठली, हे कोणीही ताडून पाहू शकतो. नगरपरिषदांच्या बाबतीत राज्य निवडणूक आयोगाने नगराध्यक्षाची आणि नगरसेवकांची मते प्रत्येक केंद्रासाठी एकाच तक्त्यात, निकालानंतर महिनाभरात प्रसिद्ध करावीत. कोणत्या वस्तीने पक्ष ओलांडून मत दिले ते तेथे दिसेल, आणि पाच वर्षांनी त्या वस्तीला काय मिळाले हे त्या तक्त्याशेजारी ठेवून विचारता येईल.