सर्व्हरची लायसन्स की कार्यालयाच्या दप्तरी हवी

पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावातही आता सरकारी कार्यालय, बँक, महाविद्यालय यांचं काम संगणकावाचून अडतं. एका सर्व्हरवर दहा-वीस जण काम करत असतात. त्यावरच्या सॉफ्टवेअरची लायसन्स की कोणती, ती किती संगणकांसाठी घेतली, पुन्हा कधी टाकावी लागेल, हे मात्र अनेकदा सिस्टिम बसवून गेलेल्या माणसालाच ठाऊक असतं. खुर्ची-टेबलाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते, तशी लायसन्सचीही झाली पाहिजे.

कारण यातला निष्काळजीपणा लगेच दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या केएमएस पद्धतीत कार्यालयातला एक सर्व्हर बाकीच्या संगणकांना मान्यता देतो. ती 180 दिवस टिकते आणि संगणक दर सात दिवसांनी ती वाढवून घेतो. हा सर्व्हर आज बंद पडला, तरी बोंब उठायला महिने जातात; तोवर बसवणारा माणूस निघून गेलेला असतो. विंडोजची नवी आवृत्ती घेतली की या सर्व्हरवरची कीही अनेकदा बदलावी लागते. शिवाय केएमएसला किमान 25 संगणक किंवा 5 सर्व्हर लागतात. लहान कार्यालयाला त्यामुळे सहसा एमएके ही दुसऱ्या प्रकारची की घ्यावी लागते. ती ठरावीक वेळाच चालते आणि संगणक फॉरमॅट करून पुन्हा टाकली की त्यातली एक संधी खर्च होते. रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर काम करायचं असेल, तर त्याच्या वेगळ्या लायसन्सविना मिळणारी सवलत तर 120 दिवसांचीच. तेवढ्यात लायसन्स बसवलं नाही, तर सर्व्हर कर्मचाऱ्यांना आतच घेत नाही.

पैसे नाहीत म्हणून क्रॅक मारून भागवायचं, हा युक्तिवाद टिकणारा नाही. क्रॅक चालावा म्हणून अनेकदा अँटिव्हायरस बंद करावा लागतो; सामायिक सर्व्हरवर ती जोखीम सगळ्यांच्या माथी येते. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 बी नुसार नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. पैशांची अडचण खरी आहे, पण तिच्यावर सरळ वाटही आहे. पत्रं आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस फुकट मिळतं आणि त्यात युनिकोड मराठी नीट चालते. केंद्र सरकारचं 2015चं धोरणही मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देतं. जिथे विंडोजच लागतं, तिथेच लायसन्सवर खर्च करावा.

देखभालीचा ठेका दिला आहे, मग आम्ही कशाला बघायचं, असंही म्हटलं जातं. ठेकेदाराने काम जरूर करावं. मालकी कार्यालयाचीच राहिली पाहिजे. लायसन्सचं खातं कुणाच्या खासगी ईमेलवर नको, कार्यालयाच्या ईमेलवर हवं. बदली होताना चार्ज यादीत त्याची ओळ हवी. नूतनीकरणाची रक्कम मार्च एंडच्या धावपळीत न शोधता अंदाजपत्रकातच धरायला हवी. या तीन नोंदींना एक पैसाही लागत नाही. त्या नसल्या, तर सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी दाखल्यासाठी आलेल्या माणसाला हेलपाटा पडतो, आणि त्याचा यात काहीच दोष नसतो.