दहा मुलांची अट आणि साकेत नगरातला नातू

भोपाळच्या साकेत नगरात आम्ही एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. घरातला चौथीतला नातू मोबाइलवर बालभारतीचे पुस्तक उघडून आजीला धडा वाचून दाखवीत होता. शाळा हिंदी माध्यमाची, पण लिपी देवनागरीच, त्यामुळे अक्षर अडत नव्हते. मात्र ‘शाळा’ची ‘शाला’ होत होती आणि ‘चमचा’तले दोन्ही ‘च’ तो ‘चंद्र’तल्या ‘च’सारखे उच्चारीत होता. आजी प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त करीत होती. नंतर त्याने स्वतःविषयी एक वाक्य टंकून आम्हांला दाखवले : ‘माझी शिक्षा भोपाळमध्ये सुरू आहे.’ मोबाइलने त्याखाली लाल रेघ ओढली नाही. ओढणार कशी? शब्द शुद्ध मराठी आहे. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड! आयुष्य न्यायालयात काढलेल्या आम्हांला हसू आवरेना. चूक समजावून सांगितली तीही आजीनेच.

पुस्तक यंत्राने दिले. कान आजीचा होता. ज्या घरात आजी नाही, त्या घरातल्या मुलाने काय करावे?

हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, सीमेपलीकडच्या मुलांसाठी मराठी शिक्षक मागितला की अलीकडे एक तयार उत्तर मिळते : ‘सगळे मोबाइलवर आहे, आता शिक्षक कशाला?’ पुस्तके संकेतस्थळावर आहेत, ‘दीक्षा’ हा केंद्राचा शिक्षणमंच २०१७ पासून आहे, हे खरेच. पण ग्रंथालय उघडले म्हणून कोणी शाळा बंद करीत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्र यांचे अंतर आहे. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने मुलाच्या मनात कोणता होता, हे विचारणारा माणूसच लागतो.

आता कायद्याकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. सचिवालयाबरोबर अनेक मराठी कुटुंबे नागपूरहून भोपाळला आली. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात येऊन संविधानात कलम ३५०क दाखल झाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने प्रयत्नशील राहावे, असे ते सांगते. ‘प्रयत्नशील’ हा शब्द मवाळ आहे, हे आम्ही वकील म्हणून मान्य करतो. पण प्रयत्न म्हणजे शिक्षकाच्या हाती खडू देणे. पालकाच्या हाती दुवा देऊन मोकळे होणे नव्हे.

त्याआधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने प्राथमिक शाळांसाठी एक माप ठरवले होते : वर्गात त्या भाषेची दहा किंवा सबंध शाळेत चाळीस मुले असतील तर मातृभाषेतून शिकवणारा एक शिक्षक द्यावा. तेव्हा ही अट शहाणपणाची होती, कारण शिक्षक एका वेळी एकाच खोलीत उभा राहू शकत असे. आज तीच अट नकाराचे हत्यार झाली आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात बारा लाखांहून अधिक लोकांनी मराठी मातृभाषा नोंदवली. पण साकेत नगरातली चार मुले एका शाळेत, तिघे दुसऱ्या, तिघे तिसऱ्या शाळेत असली, तर दहाही मुले कागदावर शून्य ठरतात!

तंत्रज्ञानाचे खरे काम नेमके येथे आहे. ते शिक्षकाच्या जागी नको. विखुरलेली दहा मुले एका शिक्षकापुढे आणून बसवण्यासाठी हवे. म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली, मुलांची मोजणी शाळेगणिक न करता सबंध शहराची एकत्र व्हावी. दुसरी, तिन्ही शाळांच्या वेळापत्रकात एकच मराठी तास असावा. एक नियुक्त, पगारी शिक्षक पडद्यावरून तो घेईल आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत प्रत्यक्ष जाईल. तिसरी, मुलाने आपले वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, शिक्षकाने ते ऐकून दुरुस्त करावे आणि मुलाने दोन्ही आवाज शेजारी ठेवून पुन्हा ऐकावे. ‘ळ’ असा कानातून जिभेवर येतो.

टाळेबंदीत आपण पडद्यावरची शाळा भोगली आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच आम्ही पडद्याबरोबर शिक्षकाची आठवड्याची फेरी मागतो. जेथे मराठी शाळा उभी आहे, तेथे मात्र ही योजना ती बंद करण्याची सबब होता कामा नये. बेळगाव-निपाणीच्या बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आणि दोष केवळ सरकारला देऊन आपली सुटका नाही. आपण गणेशोत्सवाची वर्गणी घरोघर फिरून गोळा करतो. मराठी शिकू इच्छिणाऱ्या मुलांची यादी कितीजणांनी केली? नाव, इयत्ता, शाळा, पालकाची सही, एवढाच कागद पुरेसा आहे. तो जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज न्यायालयात हुंदक्याइतकाच उपयोगी पडतो.

साकेत नगरातली आजी आज आहे. तिच्यानंतर त्या मुलाचा ‘च’ कोण दुरुस्त करणार, हे आपण आजच ठरवले पाहिजे.