टेबलावरच्या स्पीकरची पारख

संगणकाजवळ ठेवायच्या स्पीकरला दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. ऐकणारा जेमतेम दीड हातावर बसलेला असतो, मध्ये टेबलाचा कडक, सपाट पृष्ठभाग असतो आणि स्पीकरच्या मागे बहुधा भिंत. या तीन गोष्टींनी आवाज इतका बदलतो, की चांगला स्पीकर चुकीच्या जागी सुमार वाटतो आणि बेताच्या किमतीचा स्पीकर नीट मांडला तर मन लावून ऐकावासा वाटतो. खरेदीच्या आधी महिनाभर खल होतो. मांडणीला मात्र पाच मिनिटेही दिली जात नाहीत. खरे तर फरक तिथेच पडतो.

लहान स्पीकरकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे आधी ठरवायला हवे. खालचा स्वर काढायचा म्हणजे स्पीकरच्या पडद्याने पुष्कळ हवा हलवायची. तेवढ्याच जोराचा स्वर एक सप्तक खाली हवा असेल, तर पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते. पडद्याचा व्यास निम्मा केला, तर पुन्हा चौपट. म्हणूनच तीन इंची पडदा शंभर हर्ट्झच्या आसपास दमू लागतो. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक असलेल्या अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. त्याच कंपनीचे दुसरे संस्थापक हेन्री क्लॉस यांनी १९९०च्या दशकात केंब्रिज साउंडवर्क्ससाठी संगणकाचे स्पीकर रचले, तेव्हा टेबलावर दोन चिमुकले खोके ठेवून खर्ज टेबलाखालच्या तिसऱ्या खोक्याकडे सोपवला. बाजारात २.१ म्हणून मिळतो तो हाच प्रकार.

ही युक्ती चालते, कारण सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही. पण स्वस्त संचांतले वरचे खोके इतके लहान असतात, की दोनशे हर्ट्झच्या खाली त्यांचा आवाजच निघत नाही. मग टेबलाखालच्या खोक्याला, म्हणजे सबवूफरला, तिथपर्यंत वर यावे लागते आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर, जो साधारण शंभर ते दीडशे हर्ट्झच्या दरम्यान असतो, टेबलाखालून येऊ लागतो. बातम्या सांगणाऱ्याचे ओठ पडद्यावर आणि छाती पायाशी, असा विचित्र अनुभव येतो. बेताच्या पैशांत घ्यायचे असेल, तर तीन-चार इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर असलेली साधी जोडी अशा तीन खोक्यांच्या संचापेक्षा जवळजवळ नेहमीच सरस ठरते. खर्ज थोडा कमी मिळतो, पण जे ऐकू येते ते खरे असते.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यांकडे काणाडोळा करावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत एके काळी पीएमपीओ या मापाचे हजारोंतले आकडे छापलेले खोके रचून ठेवलेले असत. त्या मापाची कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज मिळते. केवळ त्या वायरीवर चालणारा स्पीकर शेकडो वॉट देतो, हा दावा हिशेबातच बसत नाही. आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा आकडा पाहावा, आणि तोही दुप्पट झाला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो हे ध्यानात ठेवावे. दीड हातावरून ऐकायला एरवी एक-दोन वॉटही पुरतात. वरचे दहा-वीस वॉट तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक जोरासाठी राखीव.

आता मांडणी. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण करावा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणावा आणि दोन्ही स्पीकर किंचित आत वळवावेत. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. टेबलाचा उपद्रव मात्र सहसा लक्षात येत नाही. समजा, ट्वीटर टेबलापासून १५ सेंटीमीटर उंच आहे, कान ४० सेंटीमीटर उंच आहे आणि दोघांत ६५ सेंटीमीटरचे आडवे अंतर आहे. थेट आवाज सुमारे ७० सेंटीमीटर चालून येतो, तर टेबलावर आपटून येणारा ८५ सेंटीमीटर. १५ सेंटीमीटरचा हा फरक ११०० हर्ट्झच्या आसपासच्या लहरीची निम्मी लांबी आहे. तिथे दोन्ही लहरी एकमेकींना मारतात आणि शब्दांचा स्पष्टपणा ज्या भागात असतो, नेमका तिथेच खड्डा पडतो. स्पीकर उंच स्टँडवर चढवले, टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढले किंवा निदान खाली जाड पाचर देऊन वर रोखले, तरी हा दोष बराच सौम्य होतो. त्यासाठी दोन जाडजूड पुस्तकेही चालतात. खाली रबर किंवा फोम घातला, तर टेबलाचे लाकूड सोबत घुमत नाही.

भिंतीजवळ खर्ज वाढतो, कोपऱ्यात तर जास्तच. थोडी वाढ लहान स्पीकरला पथ्यावर पडते. पण आवाज घुमल्यासारखा वाटू लागला की स्पीकर पुढे ओढावा. मागच्या बाजूला हवेचे छिद्र असेल, तर वीतभर जागा सोडावीच.

जोडणीत फार काही नाही. संगणकाचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून स्पीकरवरचे बटण कमी करावे. खरखर कमी ऐकू येते. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोचतो. व्हिडिओ दाखवणारे प्रोग्राम तो उशीर बहुधा सांभाळून घेतात, गेममध्ये आणि संगणकावर वाद्य वाजवताना तो खटकतो. लॅपटॉपचा चार्जर काढताच घूं-घूं थांबत असेल, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत किंवा मधे आयसोलेटर लावावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात, तो जिवावर बेतू शकतो. तो कदापि करू नये.

तांबडी-काळी वायर एका बाजूला उलटी लागली, तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज हवेत विखुरतो. एका माणसाचे बोलणे मोनोमध्ये लावून पाहावे. ते दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, जणू संगणकाच्या पडद्यातून आले पाहिजे.

पारख करताना सर्वांत मोठा धोका आवाजाच्या पातळीचा. दोन स्पीकरांपैकी जो डेसिबलभर मोठा वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने दोन्ही सारखे करून घेतल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. सुरुवात ओळखीच्या माणसाच्या बोलण्याने करावी, कारण मानवी आवाजातली खोट कान लगेच पकडतो. ‘स’, ‘श’ टोचतात का, पुरुषाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो का, हे पाहावे.

त्यानंतर तानपुरा. काळी एकचा गायक असेल तर षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. लहान स्पीकर ६९ हर्ट्झ धडपणे वाजवू शकत नाही, तरीही खर्ज ऐकू येतो, कारण १३९, २०८, २७७ अशा वरच्या स्वरांवरून मेंदू मूळ स्वर जोडून घेतो. ते वरचे स्वर स्वच्छ असतील, तर जवारीची झणझण उलगडत जाते. नसतील, तर नुसता गुंजारव उरतो. डग्ग्याची घुमक घसरत जाताना तिचा स्वर कळला पाहिजे, निव्वळ ‘धप्प’ नव्हे.

हीच परीक्षा रात्रीच्या हळू आवाजातही घ्यावी. आवाज कमी केला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो, हे हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. हळू ऐकताना खर्ज दोन-तीन डेसिबलने चढवायला हरकत नाही. आवाज मोठा करताना तो पुन्हा उतरवावा, नाहीतर लहानगा पडदा फडफडू लागतो.