पोहणे सुट्टीपुरते नको

रोह्याच्या कुंडलिकेचे पाणी केवळ पावसाने वाढत नाही. भिरा वीजकेंद्रातून पाणी सुटले की उन्हाळ्यातही पातळी चढते. पेणमध्ये भोगावती आणि खाडी आहे. शिवाय गणेशविसर्जन ऐन पावसाळ्यात. पोहण्याचे वर्ग मात्र अनेकदा उन्हाळी सुट्टीपुरतेच. जूनमध्ये शाळा सुरू होते, सराव थांबतो आणि नेमका तेव्हाच धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून दगावले. शालेय मुलांना पोहणे आणि सुरक्षित बचाव शिकवावा, ही संघटनेची शिफारस आहे. बारमाही तलावात बांधकामापेक्षा अवघड असतो तो रोजचा खर्च: पाणी गाळणे, क्लोरीन, वीज, जीवरक्षक. देणगीदार संस्थांनी कोनशिलेऐवजी हा भार उचलला, तर तलाव चालू राहतील. तलाव परवडत नसेल, तर बांगलादेशचा मार्ग आहे: तिथे गावतळ्यात बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहणे शिकवतात.

तलावात पोहता आले म्हणजे नदी जिंकली असे नव्हे. बुडणाऱ्यामागे उडी न टाकता दोरी किंवा रिकामा बंद कॅन फेकावा, हा धडाही त्याच वर्गात हवा.