खेळ गावाबाहेर नेताना

प्रत्येक खेळाला एक गाव असते. माणूस जसा गाव सोडून शहराची वाट धरतो, तसा खेळही कधी ना कधी वेस ओलांडून परक्या मुलखात जाऊ पाहतो. जावेच, त्यात गैर काही नाही. पण गाव सोडणारा माणूस पोट भरायला चालला आहे, तिथे घर करायला चालला आहे, की नुसता जत्रेत मिरवायला चालला आहे, याची चौकशी आपण करतोच ना? तशीच ती खेळाचीही केली पाहिजे. उत्तर इंग्लंडातील ‘रग्बी लीग’ या खेळाच्या निमित्ताने ती चौकशी करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कुठे ते विगन नि हडर्सफील्ड आणि कुठे आपला तालुका, असे कोणी म्हणेल. पण लँकेशायर हे नाव आपल्याला परके नाही. इतिहासाच्या पुस्तकात आपल्या विणकरांचा घास काढून घेणारे कापड येते ते तिथलेच. मात्र ते कापड विणणारा मजूर कसा जगत होता, हे त्या धड्यात येत नाही. गांधीजी १९३१ साली लँकेशायरमधील डार्वेनला गेले, तेव्हा विदेशी कापडावरील बहिष्काराची झळ बसलेल्या तिथल्या गिरणी कामगारांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले, ही गोष्ट मला वाचनालयात सापडली. त्या कामगारांच्या शोधात पुढे पुढे जाताना त्यांच्या खेळाशी माझी गाठ पडली.

हा खेळ जन्मला तोच मुळी एका खाड्यातून. रग्बी हा इंग्लंडात आधी बड्या घरच्या मुलांच्या शाळांतला खेळ. पुढे तो यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत उतरला. शनिवारी सामन्याला जायचे तर कामगाराला अर्धा दिवस काम सोडावे लागे आणि तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी खेळाडूंना भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. १८९३ साली लंडनच्या सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. पैसे घेऊन खेळणे हे सभ्य माणसाला शोभत नाही, असे तेथील धुरीणांचे म्हणणे. ज्यांच्या घरी बसून खायला होते, त्यांना हे तत्त्व पाळायला फारसे अवघड नव्हते! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांच्या प्रतिनिधींनी बैठक भरवून वेगळी चूल मांडली. खेळाडूला खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत देण्याची मुभा मिळाली.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मुलींच्या कबड्डी संघात मी खेळते आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर खुरपणीला जाते. रविवारी सराव असला की खुरपणीचा खाडा पडतो. म्हणून सहा शिलिंगांची ही हकीकत वाचताना मला ती परक्या देशातली वाटली नाही.

पैसे द्यायचे ठरले की ते आणायचे कुठून, हा प्रश्न आला. ते तिकीटबारीतूनच येणार. म्हणून प्रेक्षकाला रुचेल असा खेळ घडवणे या मंडळींना भाग पडले. १८९७ साली त्यांनी रेषेबाहेरून चेंडू आत फेकण्याची जुनी पद्धत काढून टाकली. १९०६ साली संघातले पंधरा खेळाडू तेरा केले आणि पकडलेल्या खेळाडूने उठून, चेंडू पायाने मागे सरकवून खेळ पुढे चालू करावा, असा नियम आणला. आज एका संघाला सहा पकडींपर्यंत चेंडू राखता येतो. तेवढ्यात गुण झाला नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. कबड्डी पाहणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. चढाई, पकड, पुन्हा चढाई. म्हणजे प्रेक्षकांसाठी बदलणे हे या खेळाच्या रक्तातच आहे. तेव्हा ‘खेळ बाहेर नेला की तो बाटतो’ असे कोणी म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूची नाही.

पण हा खेळ इंग्लंडात फार पसरला नाही, हे खरे. लिव्हरपूलकडून हलकडे जाणाऱ्या एम-६२ या महामार्गाच्या दुतर्फा असलेली गावे, हाच त्याचा मुलूख. गर्दीची वाण मात्र तिथे कधी नव्हती. १९५४ साली ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर चॅलेंज कपचा फेरसामना झाला, तेव्हा १,०२,५६९ प्रेक्षकांची नोंद झाली. त्यानंतर काळ फिरला. गिरण्या बंद पडल्या. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपानंतर खाणीही एकामागून एक मिटल्या. जवळजवळ त्याच सुमारास, १९८२ च्या संपाने आपले गिरणगाव मोडले. माझे आजोबा त्या संपानंतर मुंबई सोडून गावी आले ते कायमचेच. कारखान्याच्या भोंग्याबरोबर जगणारी वस्ती उठली की तिच्या मैदानाचे काय होते, हे लालबाग-परळच्या जुन्या कबड्डीपटूंना वेगळे सांगायला नको.

म्हणूनच, ‘घरी बसून राहिलो तर संपू, बाहेर पडलेच पाहिजे’ असे जे तिथले संयोजक म्हणतात, ते मला पटते. प्रश्न आहे तो कसे बाहेर पडावे याचा. या बाबतीत सव्वाशे वर्षांचा अनुभव समोर आहे आणि त्यात धडे पुष्कळ आहेत.

१९८० साली लंडनच्या फुलहॅम या फुटबॉल क्लबने आपल्या मैदानावर रग्बी लीगचा संघ उभा केला. पहिल्याच सामन्यात त्याने विगनसारख्या नामांकित संघाला २४-५ असे हरवले आणि तो पाहायला साडेनऊ हजार लंडनकर आले. चार वर्षांत फुटबॉल क्लबने हात काढून घेतला. मग तोच संघ नावे आणि मैदाने बदलत राजधानीत बिऱ्हाडे करीत राहिला. १९९६ साली ‘सुपर लीग’चा पहिला सामना थाटात पॅरिसमध्ये झाला. प्रेक्षक होते सतरा हजारांवर. पुढच्या वर्षाअखेर पॅरिसचा तो संघच उरला नाही. न्यूकॅसलच्या नदीपलीकडे गेट्सहेडला १९९९ मध्ये संघ निघाला आणि एका हंगामानंतर तो हलच्या संघात विलीन झाला. टोरांटोचा संघ २०१७ मध्ये सर्वांत खालच्या पायरीवर उतरला. प्रेक्षक हजारोंनी येत होते, पाहुण्या संघांच्या प्रवासाचा खर्चही यजमानच सोसत होता. २०२० साली संघ वरच्या श्रेणीत पोहोचला आणि त्याच वर्षी, महामारीत पैसा आटताच, त्याने अर्ध्यातून अंग काढून घेतले. खेळाडूंचे पगार थकले. त्या संघातले बहुतेक खेळाडू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडचे होते. टोरांटोच्या मुलांनी खेळ पाहिला. त्यांच्या हातात चेंडू फारसा आलाच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. दक्षिण फ्रान्समध्ये हा खेळ १९३४ साली जाँ गालिया या खेळाडूने रुजवला. १९४१ मध्ये तेथील व्हिशी सरकारने त्यावर बंदी घातली आणि संघटनेची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतरही पुढची कित्येक दशके ‘रग्बी’ हे नाव लावण्याची त्याला मुभा नव्हती. तरी गावोगावच्या क्लबांनी तो जगवला. म्हणून २००६ मध्ये पर्पिन्याँच्या कॅटलान्स ड्रॅगन्स संघाला सुपर लीगमध्ये घेतले, तेव्हा तो हवेतून उतरलेला संघ नव्हता. त्याच्या पायाखाली सत्तर वर्षांची माती होती. २०१८ साली त्याने चॅलेंज कप जिंकला. इंग्लंडाबाहेरच्या संघाने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या प्रचंड फुटबॉल मैदानावर याच संघाने विगनशी सामना खेळला तेव्हा ३१,५५५ लोक आले. तोही परक्या मैदानावरचा खेळच होता, पण मागे शेत पिकलेले होते.

पापुआ न्यू गिनीत तर आठशेहून अधिक भाषा बोलणाऱ्या लोकांना एकत्र आणणारा खेळ म्हणून रग्बी लीगचा मान आहे. तिथे तो ऑस्ट्रेलियनांबरोबर गेला, पण लोकांनी तो आपला केला. २०२८ पासून त्या देशाचा संघ ऑस्ट्रेलियाच्या मुख्य स्पर्धेत उतरणार असल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. मेलबर्नचे उदाहरण मात्र माझ्या मताला थोडे आडवे येते, तेही सांगितले पाहिजे. त्या शहराला वेड दुसऱ्याच फुटबॉलचे. तिथे १९९८ मध्ये मुळाशिवाय लावलेला संघ दुसऱ्याच वर्षी विजेता झाला आणि आजही उभा आहे. म्हणजे कलमही जगते. पण त्याला वर्षानुवर्षे पाणी घालणारा धनी लागतो, आणि तो मधेच उठून जाता कामा नये.

सध्या अधिक बोलबाला आहे तो मोठ्या मेळाव्यांचा. २००७ पासून सुपर लीगची एक सबंध फेरी एकाच शहरात भरवतात. तिला ‘मॅजिक वीकेंड’ म्हणतात. कार्डिफ, एडिंबरो, न्यूकॅसल अशी ती फिरली. ऑस्ट्रेलियाच्या लीगने २०२४ साली आपला हंगाम अमेरिकेत लास व्हेगासला सुरू केला. तिथे ४०,७४६ प्रेक्षक जमले, आणि २०२५ मध्ये विगन-वॉरिंग्टन हा लँकेशायरचा जुना झगडाही तिकडे नेला गेला. हे मेळावे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. सगळ्या गावांचे लोक आपापल्या रंगांचे सदरे घालून एका मैदानात बसतात, हे दृश्य आपल्या वारीतल्या दिंड्यांसारखेच सुंदर असेल. पण जमलेल्यांत पुष्कळ जण गावाहूनच पदरमोड करून आलेले असतात. आपलेच प्रेक्षक गाडीत घालून दुसऱ्या शहरात नेले, तर त्याला नवा प्रेक्षक मिळवणे म्हणता येणार नाही. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या शहरातल्या मुलाने ‘मला खेळायचे आहे’ म्हटले तर त्याला जायला मैदान आहे का, शिकवणारा आहे का, ही खरी कसोटी. गेट्सहेडला संघ एका वर्षात मोडला आणि पुढे शेजारच्या न्यूकॅसलला मेळावे मात्र भरत राहिले, हा क्रम मला उलटा वाटतो.

आणि नवा प्रेक्षक नेहमी लांबच असतो असे कोणी ठरवले? २०२२ मध्ये इंग्लंडात विश्वचषक झाला, तेव्हा पुरुषांच्या जोडीने स्त्रियांची आणि चाकांच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांचीही स्पर्धा भरवली. खुर्चीवरच्या खेळाचा अंतिम सामना मँचेस्टरला झाला. इंग्लंडने फ्रान्सला २८-२४ असे हरवले आणि साडेचार हजार लोकांनी सभागृह दणाणून सोडले. मँचेस्टर म्हणजे या खेळाचे अंगणच. तरीही तो प्रेक्षक नवा होता. घरातल्याच ज्या माणसांना आजवर बाजूला बसवले, त्यांना मैदानात घेतले की खेळ कोसभर न हलताही वाढतो. मुलगी म्हणून मला हे विशेष सांगावेसे वाटते.

खेळ बाहेर नेताना गावाला विचारले पाहिजे, हा शेवटचा मुद्दा. १९९५ साली रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने पाच वर्षांसाठी ८७ दशलक्ष पौंड देऊ केले. त्याबरोबर जुने क्लब एकत्र करण्याची योजना आली. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टन या तीन शेजाऱ्यांचा मिळून एक संघ करायचे घाटत होते. लोक रस्त्यावर आले आणि बेत मागे घ्यावा लागला. हिशेबाच्या वहीत कदाचित मालक बरोबर असतील. पण खाण गेली, काम गेले, आता गावाचे नावही जायचे, हे त्या लोकांनी मान्य केले नाही. मला त्यांचेच बरोबर वाटते.

आपल्या कबड्डीची गोष्ट काही निराळी नाही. २०१४ पासून व्यावसायिक लीगने हा मातीतला खेळ घराघरांत नेला, खेळाडूंना पैसा व मान मिळवून दिला. हा उपकार कबड्डीची कोणतीही खेळाडू विसरणार नाही. पण २०२५ च्या हंगामात सामने झाले ते विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे. मुंबईचे आणि पुण्याचे नाव लावणारे संघ खेळले, पुण्याचा संघ अंतिम सामन्यातही पोहोचला. मुंबई-पुण्यात मात्र एकही सामना झाला नाही. टीव्हीवर मुली-मुले मॅटवरचा खेळ पाहतात आणि सरावाला मातीवर उतरतात. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्यांदाच मॅटवर पाय ठेवणारी मुलगी घसरते, ती तिच्या कमी तयारीमुळे नव्हे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. खेळ जरूर बाहेर न्यावा. पण नेताना चेंडूबरोबर शिक्षकही न्यावा, एका दिवसाच्या मेळाव्यामागे दहा वर्षांचे काम असावे, आणि मिळालेल्या पैशातला वाटा ज्या गावाने खेळ जगवला त्याच्या मैदानापर्यंत पोहोचावा. १८९५ साली हडर्सफील्डला जमलेल्यांनी प्रेक्षक किती येतील याच्याआधी खेळणाऱ्याचा खाडा कोण भरून देणार, हे विचारले होते. आज लास व्हेगासला जाणाऱ्यांनीही तेच आधी विचारावे, आणि आपल्याकडे कबड्डीचे मोठे बेत आखणाऱ्यांनीही.