पान, वजन आणि आपली जीभ

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत पाच मिनिटं उभं राहावं. ‘अगं, एवढंसंच? अजून एक पुरणपोळी घे, लाजतेस काय!’ आणि ताट भरल्यावर त्याच मावशी, ‘मागच्या गणपतीत कशी शेलाटी होतीस, आता अंगानं भरलीस हो!’ पोरगी चौदा वर्षांची. ती कसंनुसं हसते, ताट घेऊन कोपऱ्यात जाते आणि पुढच्या कार्यक्रमाला ‘आई, होमवर्क आहे’ म्हणून येतच नाही. नवी पिढी मंडळात का येत नाही यावर आपण बैठका घेतो. त्यांत या पुरणपोळीचा विषय मात्र कधी निघत नाही.

आग्रहाला आमचा विरोध नाही. जिलबीचा आग्रह झाला नाही तर पंगत झाली असं न मानणाऱ्या घरांतलेच आम्ही. पण आधी वाढायचं आणि मग खाल्लेलं मोजायचं, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं कशा चालतील?

कुणी म्हणेल, ‘वजनाबद्दल बोलायचं नाही तर काय? डायबेटिस आपल्या घराघरांत आहे!’ आहेच. पण तो बघून ओळखता येत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! अमेरिकन डायबेटिस असोसिएशननंही २०१५ साली आशियाई वंशाच्या प्रौढांसाठी तपासणीची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. तेव्हा ज्याला आपण ‘काय बारीक आहे हो’ म्हणतो, त्यानंसुद्धा रक्त तपासून घ्यावं. ‘भरलीस हो’ म्हटल्यानं कुणाची साखर उतरलेली आम्ही पाहिली नाही.

मग मुलांना जेवू कसं घालायचं? विस्कॉन्सिनच्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर १९८०च्या दशकापासून एक साधी वाटणी सांगत आल्या आहेत. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. म्हणजे रोज पिझ्झा नव्हे! ताटात वरणभात, भेंडी, पोळी आपलीच. फक्त ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हा सौदा नको आणि दोन पोळ्यांनंतर तिसरी मागितली तर भुवई उंचावणं नको.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला हे पटवणं कठीण, हे कबूल. चिऊचा घास, काऊचा घास करून तिनं पोरं वाढवली. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, त्यांना ताटात टाकलेलं अन्न बघवत नाही, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. त्यांना एवढंच सांगावं: आई, आधी थोडंच वाढा, त्याला हवं तर तो मागून घेईल. अन्नही वाया जात नाही आणि नातवाचं तोंडही बळंच उघडावं लागत नाही.

मंडळाच्या स्वयंपाक समितीला एक सूचना. मुलांच्या टेबलावर पुरणपोळ्या अर्ध्या करून ठेवाव्यात आणि मुलांना आपल्या हातानं वाढून घेऊ द्यावं. आणि मावशी, बोलायला विषय हवाच असेल तर तिला विचारा, शाळेच्या बँडमध्ये कुठलं वाद्य वाजवतेस?